शब्दकोशाखालची वही

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. थोर शिक्षणतज्ज्ञांच्या रोजनिशा पुढे लोक अभ्यासतात. माझी मात्र खासगी. जाडजूड शब्दकोशाखाली ठेवणार. या घरात शब्दकोश कोणी उचलत नाही.

सद्यस्थिती: मुलं घरी शिकायला लागून सव्वा वर्ष झालं. ताई बारा वर्षांची, टिल्लू आठ. बायको लॅबमध्ये नोकरीला, मी घरी मुख्याध्यापक. आधीच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेशी झालेलं भांडण तत्त्वाचं होतं, टिल्लूच्या शर्टाच्या बटणाचं नव्हे. रेकॉर्ड विभागात अठरा वर्षं काढली आहेत. व्यवस्था म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये.

संकल्प: नवं वेळापत्रक, चार रंगांत.

संध्याकाळी ५
वेळापत्रक जवळजवळ तयार. हिरवं स्केचपेन वाळलं. मुलांनी दिवसभर काय केलं ते विचारायचं राहिलं.

४ सप्टेंबर, बुधवार
शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. वीस तारखेला सकाळी अकरा वाजता तपासनीस बाई येणार. मुलांना वयाप्रमाणे वाचता येतं का ते बघणार. येत नसेल तर त्यानंतरच्या सोमवारपासून दोघंही पुन्हा शाळेत.

ताईची काळजी नाही. टिल्लूला वाचता येत नाही.

बायकोला हे ठाऊक नाही. जूनमध्ये तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो की झकास चाललंय. चाललंच होतं, फक्त वाचन सोडून.

पण सोळा दिवस हातात आहेत. रोज एक तास, कडक.

५ सप्टेंबर, गुरुवार
वाचनाचा तास, ९ ते १०. त्यातली पन्नास मिनिटं वेळापत्रक लॅमिनेट करण्यात गेली. एका कोपऱ्याला सुरकुती पडली, पुन्हा केलं. टिल्लू कंटाळून ताईच्या खोलीत गेला. दोघं दार लावून बसतात आणि खुसखुसतात. शिस्त नाही. उद्या सुनावणार.

९ सप्टेंबर, सोमवार
सुनावायचं राहिलं. आज मात्र उतारा घेऊन बसलोच. टिल्लू म्हणाला, बाबा, यात काहीच घडत नाही. (उताऱ्यात ससा गवत खातो.) मी म्हणालो, सगळीकडे काहीतरी घडलंच पाहिजे असं नाही. तो छताकडे बघत बसला. माझा आवाज चढला. त्याचे डोळे भरले. ताई आली आणि त्याला हाताला धरून घेऊन गेली. जाताना माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच नापास झालोय.

वही आज शब्दकोशाच्या वर सापडली. मीच विसरलो असणार. ताण, दुसरं काय.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
जेवताना बायकोने विचारलं, टिल्लू नीट वाचतो ना रे? मी घास गिळला आणि म्हणालो, खडाखडा. ताईला ठसका लागला. टिल्लूने ताटातून मान वर केली नाही. बायको म्हणाली, वीस तारखेला मी रजा घेतलीय, मलाही ऐकायचंय. मेलो.

इथे खरं लिहितो, कारण इथे कोणी येत नाही. कधी कधी वाटतं, पोरगा डोक्यानेच कच्चा आहे.

१६ सप्टेंबर, सोमवार
उपाय सापडला! पाठांतर. दीपगृहाच्या रखवालदाराचा धडा, पान चौदा आणि पंधरा. टिल्लूने तोंडपाठ म्हणायचं, बोट ओळीवरून सरकवायचं. पान उलटायची वेळ आली की मी खोकणार. बाई पडल्या सरकारी माणूस, त्यांच्या लक्षात काय येणार? अठरा वर्षं मी अशाच तपासण्या पार पाडल्या आहेत.

ही लबाडी नाही. हा आत्मविश्वासाचा तात्पुरता पुरवठा आहे.

१८ सप्टेंबर, बुधवार
पाठांतर डळमळीत. मी सांगितलं, रखवालदाराने तेलाचा डबा उचलला. टिल्लू म्हणाला, दिवा उचलला. तीनदा दटावलं, तरी दिवाच. पुस्तकात पाहिलं तर दिवा. योगायोग. आंधळ्याच्या हातीसुद्धा कधी लाडू लागतो.

वहीच्या पानांवर लोण्याचा डाग. शिवाय जोडाक्षरांखाली पेन्सिलीच्या बारीक रेघा. विचारात असताना माझा हात आपोआप संपादन करत असावा. बुद्धिमान माणसांचं असं होतं.

१९ सप्टेंबर, गुरुवार
घसा बसला. खोकला आपोआप येतोय, नको त्या ओळींवर. टिल्लू दर खोकल्याला पान उलटतो आणि हसतो. ह्याला काही गांभीर्य? दोघांना शाळेच्या दारात सोडून एकटाच परत येतोय, असं दिवसभर दिसत राहिलं. घर किती मोठं वाटेल.

२० सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी २
झालं.

बाई अकराच्या ठोक्याला आल्या. मी धडा पुढे केला. त्यांनी तो मिटून बाजूला ठेवला आणि टिल्लूला म्हणाल्या, हे राहू दे, तू रोज जे वाचतोस ते आण. मी खोकलो. कशासाठी, ते माझं मलाच माहीत नाही. टिल्लूने ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवली, जोरात, नको म्हणून. पण तो गेलाच. शब्दकोश दोन्ही हातांनी उचलला आणि त्याखालची वही घेऊन आला.

सोळा सप्टेंबर, सोमवार, त्याने सुरुवात केली. खणखणीत, एकही अक्षर न अडखळता. "बाई पडल्या सरकारी माणूस" हेसुद्धा. आत्मविश्वास, तात्पुरता, पुरवठा, सगळी जोडाक्षरं बिनचूक. बायको आधी माझ्याकडे बघत होती, नंतर तिने बघणं बंद केलं.

बाईंनी विचारलं, हेच का वाचतोस? टिल्लू म्हणाला, यात रोज काहीतरी घडतं. ताईने शिकवलं. मग बाबांना का नाही सांगितलंस? तर म्हणाला, सांगितलं असतं तर त्यांनी वही कुलपात ठेवली असती.

बाईंनी लिहिलं: वाचन उत्तम. शिक्षक: मोठी बहीण. मुलं घरीच राहणार. आनंद झाला, पण खुर्चीवरून उठवेना. बायको एवढंच म्हणाली, शाळेतलं ते बटणाचं भांडण नक्की काय होतं, यात असेल तर ते पण मला वाचायचंय.

दुपारी ४
लिहून झालं, पण वही मिटवेना. पहिल्यापासून चाळली. तेरा तारखेच्या शेवटच्या ओळीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली आहे. चारी कडा नीट दाबून. ताईचं काम. टिल्लूला विचारलं, हे काय? तो म्हणाला, ताई म्हणते तिथे शाई सांडलीय.

आजचं मोठ्या, सुवाच्य अक्षरात लिहितो आहे.

टिल्लू, तिथे शाई सांडलेली नाही. बाबाने चुकीचं लिहिलं होतं. वहीची जागा तीच राहील. लोणी खाल्लं की हात पुसत जा.