पिवळीच्या वंशातली शेवटची

आबा,

काल रिपोर्ट आला. तुमच्या पिवळीच्या वंशातली ही एकच कारवानी कुत्री आता माझ्याजवळ उरलीय, तिची लाळ मी लॅबमध्ये जात तपासायला पाठवली होती. तिथल्या मॅडमनी फोनवर समजावून सांगितलं. आपली कारवानी म्हणे गावातल्या भटक्या कुत्र्यांच्या जास्त जवळची. विलायती ग्रेहाउंड दिसायला तसाच, पण त्याचं नातं तिकडच्या मेंढरं राखणाऱ्या कुत्र्यांशी. दोघांना लांब पाय आणि बारीक कंबर आली ती वेगवेगळी, माणसं जोरात पळणारीच कुत्री निवडत गेली म्हणून. आणि हिच्यात ग्रेहाउंड बराच आहे.

अजून डोळ्यापुढं येतं, लासूर स्टेशनच्या घरी तुम्ही चुलीपुढं बसून दुधात भाकर कुस्करताय आणि पिवळीच्या आया सांगताय, तिची आई, आईची आई, पार निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत माझ्या आजोबांनी टोपलीत घालून आणलेल्या कुत्रीपर्यंत. पिल्लू तुम्ही कधी विकलं नाही. फुकट द्यायचं, अट एकच, पहिल्या वेतातली एक मादी परत आणून द्यायची. सिल्लोडच्या मास्तरांनी शर्यतीचा ग्रेहाउंड लावून झालेलं पिल्लू आणलं, तेव्हा त्यांना चहासुद्धा विचारला नाहीत. पिल्लू त्यांच्या हातात परत दिलंत. "लई देखणं हाय. पण आपलं नाय."

पुढं तुम्हाला लकवा झाला. त्यातच पिवळी माजावर आली, आणि आपल्यातला नर कुठंच उरला नव्हता. खाटेवरून तुम्ही रोज विचारायचात, "नर गावला का?" शेवटी तुम्हाला न सांगता मी तिला गंगापूरच्या शर्यतवाल्याकडं नेलं, त्याच्या ग्रेहाउंडाकडं. मनाची समजूत घातली की दोघंही सडपातळ, लांबचे भाऊबंदच असणार. इतकी वर्षं त्याच समजुतीवर काढली, काल तीही गेली. ती पिल्लं मी तुमच्याच अटीवर गावोगाव दिली, परत आलेल्या माद्यांची पुन्हा दिली. आता चोख असं कुठंच काही नाही, आणि या म्हातारीला पिल्लं व्हायची नाहीत. मीच संपवलं, आबा.

हा कागद रिपोर्टाच्या घडीत ठेवून देईन. एक तेवढं लिहायचं राहिलंय. त्या वेतातलं पहिलं पिल्लू मी तुमच्या छातीवर ठेवलं. तुम्ही चालत्या हातानं त्याचं नाक, कान, पाय चाचपलेत, मग माझ्याकडं बघितलंत आणि ते माझ्या हातात परत दिलंत. जीभ जड झाली होती, तरी बोललात, "लई देखणं हाय." पुढचं बोलला नाहीत. मी घरात सगळ्यांना सांगितलं, आबांना पिल्लू आवडलं.