पाचवी सही

केळवे,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. विनोदला दमयंतीकाकीचे आशीर्वाद.

इथे सगळे ठीक. अंगणात सुपारी वाळते आहे, माझे गुडघे कुरकुरतात. बोईसरला सूनबाई आणि मुलं बरी असतील. पत्र नात रिद्धी लिहिते आहे. सांगते तेच लिहिते ना, म्हणून प्रत्येक ओळ दोनदा वाचून घेते. हल्ली कुणावर विश्वास बसत नाही, त्याचं श्रेय तुला.

तू विलायतेच्या जुन्या गाणाऱ्या टोळ्यांच्या सह्या जमवतोस. जमव बापडा. तुझे काका बोटीवर वाढपी असताना तिथे गायला आलेल्या चार केसाळ पोरांनी जेवणाच्या कार्डावर सह्या केल्या. ते कार्ड साठ वर्षं माझ्या ट्रंकेत होतं. दिवाळीला तू "फोटो काढून आणतो, काकी" म्हणून नेलंस, संक्रांतीला काचेच्या चौकटीत घालून दिलंस. एवढी माया. पण चौकट मागून इतकी घट्ट का चिकटवलीस रे?

"आजी, किती छान दिसतंय," रिद्धी म्हणाली.

"छानच हाय. मी म्हातारी झाली, कार्ड तेवढं तरणं झालं."

मग मी अडकित्त्यानं चौकटीची पाठ उचकटली. मला अक्षर येत नाही, म्हणून तू निर्धास्त. पण माझ्या बोटांना येतं. कार्ड मागून गुळगुळीत होतं.

तू सांगत होतास, चौघांची नावं लागतात, पाचवी सही कुणाची ते कळत नाही. टोळी सोडून गेलेला कुणी असेल, म्हणून तिलाच जास्त मान. मी तेव्हा पानाला नुसता चुना लावत राहिले. आता सांगते. रिद्धी थांबली आहे. लिही गं.

ती सही माझी. लग्नाच्या पहिल्या वर्षी काका सुट्टीवर आले, कार्डाचं कौतुक सांगत बसले. मी म्हटलं, "त्यांचं तरी कुठं वाचता येतंय? मग मी पण गिरवते." त्यांनी माझा हात धरला. मी पेन एवढं दाबलं की टोक कार्डात रुतलं, मागे उंचवटा आला. पुढे मी कधी पेन धरलं नाही. ते गेल्यावर ट्रंक उघडायची आणि तो उंचवटा चाचपायची, एवढंच.

खरं कार्ड तुझ्याकडे आहे. चार पोरं तू ठेव. माझा कोपरा मला कापून दे. रविवारी ये, सुक्या बोंबलांचं कालवण करते. अडकित्ता धार लावून ठेवला आहे. तुझा हात धजला नाही, तर मी कापीन.

खाली माझं नाव रिद्धीनं लिहायचं नाही. पेन मीच घेणार आहे, या खेपेला हात धरायला कुणी नाही. जुळवून बघ. कागद मागूनही चाचप.

तुझी काकी,
टोळी न सोडलेली पाचवी