आठाचा तीन

बाबा, तुमचं पुस्तक कॉलेजने या वर्षी वेबसाइटवर टाकलंय. मार्कहॅमच्या माझ्या घरात, स्वयंपाकघरात उभ्यानेच मी ते उघडलं आणि थेट विक्रमांच्या पानावर गेले. ती चूक अजून तिथेच होती.

सस्कॅचवानच्या त्या कॉलेजात तुम्ही लॅब टेक्निशियन होतात. नागपूरहून आलेले, चेंडू हातात घेऊन पळायचा तिथला फुटबॉल कधी न पाहिलेले. पहिल्या वर्षी कुणीतरी तिकीट दिलं म्हणून मॅचला गेलात, आणि मग घरच्या मैदानावरची एकही मॅच सोडली नाही. आपल्याच टीमची नीट नोंद कॉलेजकडे नाही, हे कळल्यावर ती तुम्ही करायला घेतलीत. दर शनिवारी लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं काढून कोण किती यार्ड पळालं ते वहीत उतरवायचात. बेसमेंटमधल्या कॉम्प्युटरवर ते टाइप करायचं काम माझं. "हळू कर गं," तुम्ही म्हणायचात, "आकडा चुकला तर त्या खेळाडूला काय वाटेल?"

पुस्तक होत आलं होतं, त्या ऑक्टोबरात एक जुना खेळाडू आपल्या घरी आला. एका मॅचमध्ये सर्वांत जास्त यार्ड पळण्याचा विक्रम त्याचा. तेव्हा चाळिशी उलटलेली, चालताना लंगडत होता. चहा तुम्ही स्वतः केलात, आलं किसून घातलंत. मी दारात उभी. "त्या दिवशी वारा समोरून होता," तुम्ही त्याला इंग्रजीत सांगताय, "तू डावीकडे वळलास आणि तुझा बूट निघाला. तू तसाच पळालास." त्याचे डोळे भरून आले. "माझ्या वडिलांनाही हे आठवत नाही," तो म्हणाला. तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात. तो गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, माझा फार्मसीचा निकाल लागला." "वा," तुम्ही म्हणालात, "आता कितवं वर्ष गं तुझं?"

शेवटचं होतं, बाबा.

दुसऱ्या दिवशी त्याचं पान टाइप करताना मी मधल्या आठाचा तीन केला. मुद्दाम. पन्नास यार्ड गेले आणि तो दुसऱ्या नंबरवर उतरला.

पुस्तक छापून आल्यावर चूक तुम्हालाच दिसली. वही काढून तो आकडा किती वेळ बघत बसलात. "माझंच अक्षर वाईट," म्हणालात, "इंग्रजी आठ तीनसारखा दिसतो." मग त्याला फोन करून माफी मागितलीत. मी शेजारी बसून ऐकत होते. त्यानंतर तुम्ही आठ काढताना एकावर एक दोन सुटे गोल काढायला लागलात. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

काल मी कॉलेजला ईमेल करून खरा आकडा कळवला. लगेच उत्तर आलं, चूक कशी झाली ते तळटिपेत द्यायचं आहे. मी लिहिलं, टायपिंगची चूक. टाइप कुणी केलं होतं, ते लिहिलं नाही. आज पान उघडलं तर तो पुन्हा पहिल्या नंबरवर होता, आणि खरं सांगते, अजूनही मला ते बघवलं नाही.