कोर्टासमोरचा फोटो

ओजिमा, टोकियो
रविवार

प्रिय उदय,

फोनवर आपण दोघंही एकमेकांचं ऐकून घेत नाही. मी बोलायला लागले की तू म्हणतोस, "ताई, जपानमध्ये बसून तुला अमेरिकेतलं काय कळणार?" आणि मी चिडून फोन ठेवते. म्हणून लिहिते आहे. पूर्ण वाच, मग काय रागवायचं ते रागव.

तीन आठवड्यांपूर्वी तू घरच्या ग्रुपवर टाकलेला फोटो मी कितीदा तरी पाहिला. तुमच्या गावच्या कोर्टाच्या पायऱ्या, तुझ्याबरोबर तुझ्या संघटनेची चार माणसं, आणि प्रत्येकाच्या छातीवर रायफल. समोर बंदुकांवर निर्बंध मागणारी कॉलेजची मुलं, हातात पुठ्ठ्याचे फलक. खाली तू लिहिलं होतंस, "शांतता राहावी म्हणून." आईने मला फोन करून विचारलं, "उदय पोलिसात लागला का गं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

तुझी भीती मला खोटी वाटत नाही. पेट्रोल पंपाच्या पार्किंगमध्ये त्या माणसाने तुझं डोकं फोडलं, पोलीस चाळीस मिनिटांनी आले, तोवर तू एकटा जखम दाबून बसलास. ते ऐकून मी चार दिवस जेवले नव्हते. त्यानंतर तू घरात पिस्तूल ठेवलंस, तेव्हा मी एका शब्दाने बोलले नाही. पण मोर्च्यात रायफल का, असं विचारल्यावर तू म्हणालास, "बाबांचाच मुलगा आहे मी." ते मात्र मनात रुतलं.

बाबा बावीस वर्षं मिरजेच्या बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन पहाऱ्याला उभे राहिले, हे खरं. पण तू तेव्हा पहिलीत होतास, म्हणून तुला संपाचं आठवत नसेल. कर्मचाऱ्यांचा मोर्चा निघणार होता. युनियनचे सदानंदकाका घरी आले आणि म्हणाले, "बंदूक घेऊनच या, साहेबलोकांवर जरा वचक बसेल." बाबा म्हणाले, "मी पगारवाढ मागायला येतोय. बंदूक घेऊन मागितली तर ते मागणं राहत नाही." दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, हात हलवत गेले. मी दारातून पाहिलं होतं.

आता माझं सांगते. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या स्टेशनसमोर वीस-पंचवीस माणसं भोंगे घेऊन आली. परदेशी लोकांनी इथली घरं बळकावली, त्यांनी परत जावं, असं ओरडत होती. बारा वर्षांत इतकं जपानी आलंय की एकही शब्द निसटला नाही. तितक्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या किमुरा-सान आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. मी इथे नवी असताना कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीत टाकायचा, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी एका खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर लिहिलं होतं, "हे माझे शेजारी आहेत." त्या गर्दीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तुझा मेहुणा माधव कामासाठी त्सुकुबाला गेला होता. घरी निघून जावं असं फार वाटलं, पण त्यांना एकटं कसं सोडायचं? मी शेजारी जाऊन उभी राहिले. एक उंच माणूस माझ्या तोंडासमोर येऊन ओरडला. किमुरा-साननी माझं कोपर घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "वृंदा-सान, श्वास घ्या."

तासाभराने भोंगे बंद झाले. तो उंच माणूस बाटलीतलं पाणी पीत उभा होता. किमुरा-सान सरळ त्याच्याकडे गेल्या आणि विचारलं, "तुम्हाला घर नाही का?" तो गडबडला. मग म्हणाला, आईसाठी इथल्या सरकारी वसाहतीत घर मिळावं म्हणून तीनदा अर्ज केला, एकदाही नंबर लागला नाही. किमुरा-सान म्हणाल्या, "मी चार वर्षं थांबले होते. तेव्हा इथे एकही भारतीय नव्हता." दहा मिनिटं ते बोलले. त्याचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. पण तो गेला तेव्हा ओरडत नव्हता.

उदय, त्याच्या छातीवर तुझ्यासारखी रायफल असती तर? परवान्याची असू दे, रिकामी असू दे. मी किमुरा-सानचा हात धरून तिथून पळाले असते आणि पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं. स्टेशनसमोर शांतता राहिलीच असती. तू म्हणतोस ती शांतता हीच का, एवढं मला विचारायचं आहे.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं, ते. त्या दिवशी कोर्टासमोरच्या मुलांमध्ये आपली मिताली होती. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, म्हणून तू तिला ओळखलं नाहीस. तिने तुला लांबूनच ओळखलं होतं. तुझ्याशी बोलावं म्हणून ती पुढे यायला लागली, तिच्यामागून दोघंतिघं आली, आणि तुझा हात बंदुकीवर गेला. तिने दोन्ही हात वर केले, उदय. स्वतःच्या बापासमोर. परीक्षा आहे म्हणून ती शनिवार-रविवार घरी येत नाही, असं तुला वाटतं. परीक्षा केव्हाच संपली. मला फोनवर म्हणाली, "आत्या, बाबांना सांगू नकोस, त्यांना लाज वाटेल." मी शब्द दिला होता. तो आज मोडते आहे, कदाचित ती माझ्याशी बोलणं सोडेल. येत्या शनिवारी ती मुलं पुन्हा तिथे जमणार आहेत, म्हणून हे कुरिअरने पाठवते आहे. तूही जा. तुझं म्हणणं सगळ्यांसमोर मांड, पण ती रायफल घरी ठेवून जा. आणि तिला नावाने हाक मार.

तुझीच,
वृंदाताई