धाक आहे तोवर

बाबा, तुम्हाला पोकर माहीत नव्हतं. तीनपत्ती माहीत होती, तीही दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दुसऱ्यांची बघण्यापुरती. स्वतः कधी पान उचललं नाहीत. म्हणून तुम्हाला आधी खेळ सांगावा लागेल, पण त्याच्याही आधी फोनचं सांगतो, कारण खरी पंचाईत त्या फोनची आहे. गडचांदूरच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आहे. खिडकीच्या गजांवर सिमेंटची पांढरी धूळ साचली आहे आणि ती पुसायची उमेद आता ना मला ना तुमच्या सुनेला. थकलो आहे, बाबा. कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रक चढवण्या-उतरवण्यात इतकी वर्षं गेली की झोपेतही मी ‘पुढे घे, पुढे घे’ म्हणतो, असं ती सांगते.

फोन वडशाहून आला होता. तुमच्या नाटक कंपनीच्या मालकांची मुलगी आता कंपनी चालवते. यंदाच्या नाटकात म्हाताऱ्या पाटलाची भूमिका आहे, शेवटच्या अंकात त्याचं मोठं भाषण आहे. ती म्हणाली, “तुमीच करा भाऊ. तुमच्या बाबाचंच घर आहे हे.” मी म्हणालो, विचार करून सांगतो. नंतर तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हणालो. सुट्टी कशी मिळेल, गाड्या करून रोज नव्या गावी जाणं झेपेल का, एवढा रोल पाठ होईल का, एकेक काढत बसलो. खरं कारण आवाज. धुळीनं घशात खरखर बसली आहे आणि दर हिवाळ्यात आवाज थोडा उतरतो. गणपतीत कॉलनीच्या नाटकात तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला होता. पुढच्या वर्षी पोचेल असं मला वाटत नाही. दवाखान्यातला माणूसही काही आशा लावत नाही.

आता खेळ. आमच्या कारखान्याच्या लॅबमध्ये चंद्रपूरची एक मुलगी नवीन लागली आहे, तिनं कॉलनीला हा नाद लावला. रविवारी दुपारी क्लबाच्या खोलीत आम्ही जमतो. पैसे लावायचे नाहीत, नुसत्या प्लास्टिकच्या चिप्स, सुरुवातीला सगळ्यांना सारख्या. ज्याच्या संपल्या तो उठला, शेवटी उरला त्याची जीत. हातातले दोन पत्ते वाईट आले तर टाकून देता येतात, म्हणून वाटतं की गप्प बसलं तर काही बिघडत नाही. पण प्रत्येकाला आळीपाळीनं, पत्ते न बघताच, ठरलेल्या चिप्स मध्ये टाकाव्या लागतात. त्याला ब्लाइंड म्हणतात, आणि तो ब्लाइंड थोड्या थोड्या वेळानं वाढत जातो. म्हणजे एकही चूक न करता माणूस नुसता बसून संपतो. ढिगारा लहान झाला की शहाणपणाची एकच चाल उरते, आहे तेवढं सगळं मध्ये ढकलायचं, ऑल-इन. ते कधी ढकलायचं, एवढाच प्रश्न असतो.

मी थांबायचो. एक्का-राजा येऊ दे, जोडी येऊ दे, मग बघू. माझ्यासमोरच्या चिप्स चिमटीत मावतील एवढ्या व्हायच्या आणि मग कधीतरी खरंच एक्का-राजा यायचा. मी ऐटीत सगळं ढकलायचो आणि तिघं-चौघं हसत हसत सामील व्हायचे, कारण माझ्याशी हरून त्यांचं काहीच जाणार नव्हतं. एकदा तर तो डाव मी जिंकलोही, आणि जिंकून जमलं ते पुढच्या दोन फेऱ्यांच्या ब्लाइंडमध्ये गेलं. ती मुलगी एक दिवस चिडलीच. “भाऊ, तुमी पत्ते खेलून राह्यले का पत्त्याची वाट पाहून राह्यले?” मी म्हणालो, पत्तेच येत नाहीत तर काय करू. ती म्हणाली, “पत्त्याचं सोडा. तुमच्याजवळ धाक आहे तोवर चिप्स ढकला ना. समोरच्याले वाटलं पाह्यजे, हा आपल्याले बुडवू शकते. मंग तो पळते. तुमी एवढूसे उरल्यावर ढकलता, तुमाले भेते कोण?”

ते ऐकलं आणि बाबा, मला तुमचा खड्डा दिसला. रंगमंचाच्या पुढ्यात खणलेला, वर फळी टाकलेला, आत कंदील नि मांडीवर संहिता घेतलेले तुम्ही. झाडीपट्टीतल्या नाटकाला तालमी कुठल्या असायला? आज या कंपनीत, उद्या त्या कंपनीत, नट येतात आणि थेट उभे राहतात, आणि सगळं नाटक खड्ड्यातून वाक्यं पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरच्या, म्हणजे तुमच्या, घशातून वर येतं. दोन हिवाळे मी तुमच्या कंपनीत धाकट्या भावाच्या भूमिका केल्या. आरमोरीकडच्या एका गावात मी मधेच अडकलो आणि तुमच्या वाक्याची वाट बघत उभा राहिलो. ऑर्गनवाल्यानं सूर धरला, सोडला, पुन्हा धरला. खालून तुमचं वाक्य आलं होतं, पण गोंधळात मला ते अर्धंच ऐकू आलं आणि उरलेलं अर्धं येईल म्हणून मी थांबलो. मग समोरची माणसं हसायला लागली. सकाळी चहाच्या टपरीवर, सगळ्या नटांसमोर, तुम्ही कप खाली ठेवता आणि म्हणता, “शब्द भेटत नाई तं उभा काऊन राह्यला? तोंडात येईन ते बोल. लोकायले वाटते तोवर की तुले माहीत आहे. एकदा त्यायले समजलं ना, मंग तू खरं वाक्य म्हणलं तरी कोणी मानत नाई.” मला तेव्हा फार राग आला होता. चार लोकांत पाणउतारा केलात. आज वाटतं, पोकरचं अख्खं पुस्तक तुम्ही त्या टपरीवर सांगितलंत.

पण तुम्ही स्वतः काय केलंत? मी भांडायला नाही लिहीत, तेवढी ताकद नाही, पण विचारतो. ऐन हंगामात म्हाताऱ्याचं काम करणारा नट तापानं पडला तेव्हा मालक स्वतः आपल्या घरी आले होते. “तुमाले सारं पाठ आहे भाऊ, उभे राहा आता.” तेव्हा तुमचा आवाज कसा होता! नदीच्या या काठावरून हाक मारली तर नावाडी नाव वळवायचा. तुम्ही म्हणालात, “खड्ड्यात कोण बसन मंग? पुढच्या साली एखादी चांगली भूमिका असन तं पाहू.” पुढच्या वर्षी भूमिका लहान होती, त्याच्या पुढच्या वर्षी नाटक पसंत नव्हतं. तुम्ही एक्का-राजाची वाट बघत होता आणि दर हिवाळा तुमच्यापुढचं थोडं उचलून नेत होता. कुजबुजून कुजबुजून तुमचा घसाच तसा झाला. घरी भाजी वाढ म्हणालात तरी आईला दोनदा विचारावं लागायचं.

तो वडशाचा दिवस मला अजून जड जातो. दिवाळीच्या आधी कंपन्यांची ऑफिसं उघडली होती, रस्ताभर नाटकांचे बोर्ड, गावोगावची मंडळी मंडईसाठी नाटक ठरवायला आलेली. मी तुम्हाला गाडीवर न्यायला आलो होतो. तुम्ही मालकांसमोर उभे आहात, टोपी हातात, आणि म्हणता, “या साली मी करतो म्हाताऱ्याचं.” मालक भला माणूस. म्हणाले, “दाखवा भाऊ करून.” तुम्ही तिथंच शेवटच्या अंकातलं भाषण सुरू केलंत. एक शब्द इकडचा तिकडे नाही, हात कुठे उचलायचा, कुठे थांबायचं, सगळं बरोबर. माझ्या अंगावर काटा आला, कारण मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि मला ऐकू येत होतं. बाकावर बसलेले गावकरी मात्र चहा पीत आपसात बोलत राहिले. त्यांना वाटलं, हा माणूस मालकांना काही खाजगी सांगतो आहे. कोणी मान वळवली नाही. मालक म्हणाले, “पुढच्या साली पाहू, भाऊ,” आणि तुम्ही टोपी घातलीत. वाटेत गाडीवर तुम्ही काही बोललात, मी “काय?” म्हणालो, तुम्ही पुन्हा बोलला नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

गेल्या रविवारी माझ्याजवळ अजून बऱ्यापैकी चिप्स होत्या. आठ-दहा ब्लाइंड सहज निघाले असते. हातात गुलाम आणि अठ्ठी, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. माझ्या आधीच्यांनी पत्ते टाकले होते, माझ्यानंतर चाल करायचे दोघंच उरले होते. मी सगळं मध्ये ढकललं. पहिल्यानं लगेच पत्ते टाकले. त्या मुलीनं माझ्याकडे बघितलं, चिप्सकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे, आणि तिनंही टाकले. मधल्या सगळ्या चिप्स माझ्या झाल्या, माझे पत्ते कोणी बघितलेसुद्धा नाहीत. मी ते पालथेच सरकवले आणि मला एकदम रडू यायला लागलं, तर मी पाणी प्यायला उठलो. थोड्या वेळानं तसंच पुन्हा ढकललं, तेव्हा तिच्याकडे एक्का होता आणि मी बाहेर पडलो. वाईट वाटलं नाही. हरणं पत्त्यांनी केलं होतं, मी नव्हतं केलं.

तिथूनच, क्लबाच्या पायरीवरून, वडशाला फोन लावला. म्हणालो, करतो. पलीकडून ती म्हणाली, “पाटील तं दिला भाऊ, नागपूरच्या नटाले. लई वाट पाह्यली तुमची.” मग चाचरत म्हणाली, “एक कोतवाल आहे. चार वाक्यं आहेत, तुमाले सांगाची पण लाज वाटते.” तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो. इतक्या मोठ्यानं, की आतून सगळे बघायला आले.

चार वाक्यं आहेत, बाबा. हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी करून पत्त्यांच्या डब्यात ठेवणार आहे. वाक्यं मला कधीची पाठ झाली आहेत. रोज इथं ओट्यासमोर उभा राहून म्हणतो. पहिलं वाक्य चांगलं ठणठणीत निघतं, आणि मग माझी नजर खाली फरशीवर जाते. सूनबाई तुमची चपात्या लाटता लाटता ओरडते, “म्हना ना समोरचं, काऊन थांबले?” तिला काही सांगत नाही. तुम्हाला सांगतो. पुढचं वाक्य खालून येईल म्हणून मी अजून थांबतो.