न फुटणारी डिस्क

२८ एप्रिल
डिस्क गोल्फ खेळताना माझी डिस्क, म्हणजे झाडांमधून टोपलीत फेकायची ती प्लास्टिकची थाळी, फुटली. पाइनच्या खोडावर आपटली आणि दोन तुकडे. थंडीत स्वस्त प्लास्टिक कडक होतं, यात माझा काय दोष? मेव्हणा इस्मो इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं. तुइरेसुद्धा हसली. सख्खी बायको! लक्षात ठेवलंय.

२९ एप्रिल
पैज लावली. युहान्नुसला, म्हणजे जूनमधल्या ऐन उन्हाळ्याच्या सणाला, सासरचे सगळे तळ्याकाठच्या केबिनवर जमतात, तेव्हा सामना; कमी फेकींत सगळ्या टोपल्या गाठेल तो जिंकला. हरेल त्यानं उन्हाळाभर लाकडं फोडायची, पाणी वाहायचं, सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायची. अकरा वर्षं हे मीच करतोय. इस्मो वाफेत वरच्या फळीवर बसून फर्मावतो, दाजी, अजून एक बादली. यंदा बादली त्याच्या हातात.

३ मे
दुकानातल्या पिर्यो बाई म्हणाल्या, डिस्कवर वेगाचा आकडा असतो, नवशिक्यानं हळू डिस्क घ्यावी, वेग तीन, फार तर पाच. मी म्हटलं, सगळ्यांत टिकाऊ दाखवा. दाखवली. वीस वर्षं काही होणार नाही म्हणाल्या, पण वेग तेरा, तुम्हाला झेपायची नाही, डावीकडे पडेल. बाईंना इस्मो माहीत नाही. घेतली.

रिवाजाप्रमाणे मागे नाव आणि फोन नंबर लिहिला, म्हणजे ज्याला सापडेल तो फोन करतो. खाली एक ओळ जास्तीची: 'इस्मो, आता तू बादल्या वाहा.' शाईसुद्धा न पुसणारी.

१९ मे
सराव. डावीकडे गेली. अठ्ठावीस वेळा. वारा डावीकडचा असावा. एका बर्चची साल सोलली गेली, डिस्कला ओरखडा नाही. इस्मो, ऐकतोयस ना?

९ जून
केबिनवर गुपचूप सराव. पहिलीच फेक, डावीकडे, तळ्यात. बुडाली. कंबरेएवढ्या पाण्यात तासभर चाचपडलो. तुइरेला सांगितलं, पाणी किती थंड आहे ते बघत होतो. डिस्क फुटलेली नाही, हे महत्त्वाचं.

२१ जून, सकाळी ९
इस्मोनं जाळं ओढलं. तीन पर्च मासे आणि माझी डिस्क.

न्याहारीच्या टेबलावर माझा फोन वाजला. समोरच बसलेला इस्मो कानाला फोन लावून, सासूबाईंच्या देखत, अगदी अदबीनं म्हणाला, "नमस्कार. आपली एक डिस्क सापडली आहे. न्यायला कधी याल?"

रिवाज आहे, आभार मानावे लागतात. मानले. मग त्यानं खालची ओळ मोठ्यानं वाचली. सासूबाईंनी पुन्हा वाचायला लावली.

संध्याकाळी ६
हरलो. मला एकोणीस फेकी जास्त लागल्या. मन स्थिर नव्हतं. वाराही होता.

२२ जून
डिस्क आता सौनातल्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून आहे. लिहिलेली बाजू वर. बरोब्बर बसते, म्हणाली तुइरे. सकाळी वाळूनं घासली, मग सँडपेपरनं. अक्षर जात नाही.

नववी बादली ओतली. वरच्या फळीवरून इस्मो म्हणाला, "दाजी, झाकण लावा."

लावलं.