तीन मिनिटांचा माईक

२ जुलै

टेटला संघातून काढलं. फोनवरून! जेवताना त्यानं ते सांगितलं आणि बटाट्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं, जणू काही झालंच नाही. लोर्ना – माझी लेक, त्याची आई – रडली नाही. भांडी आपटत राहिली.

दोन वर्षं राज्य विद्यापीठाकडून कुस्ती खेळला पोरगा. आता नवा नियम आलाय, संघात तीसच मल्ल. कोच ड्रेसलरनं परराज्यातली तयार पोरं ठेवली आणि आपली इथली काढली. "जागा नाही रे. मनाला लावून घेऊ नकोस." एवढंच बोलला म्हणे. मोडलेले कान घेऊन पोरानं आता जायचं कुठं?

रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, आठवत नाही. एक मात्र ठरलं. ड्रेसलरला सोडायचं नाही.

५ जुलै

कॅफेत माझा जुना दोस्त वेंडेल म्हणाला, "व्हर्लिन, तू आठवी पास. विद्यापीठाशी भांडणार?"

"भांडायला आठवी पुरते."

हसला. पण कामाची गोष्ट त्यानंच सांगितली. राज्याचं विद्यापीठ आपल्या करावर चालतं, म्हणून त्याचा कारभार बघणाऱ्या मंडळाची बैठक सगळ्यांना खुली. कुणीही जावं, नाव द्यावं, माईकवर तीन मिनिटं बोलावं. "खासगीवाल्यांकडे जाऊन बघ बरं. फाटकावरच विचारतील, कोण तुम्ही?"

तीन मिनिटं पुष्कळ झाली. डुक्कर मारायला तेवढीही लागत नाहीत.

९ जुलै

गॅरेजमध्ये बोलायचा सराव करतो. आणि ऐन वेळी लघवीला लागली तर?

लोर्ना म्हणते, "बाबा, सोडा आता. टेटला लाज वाटते." वाटू दे.

१४ जुलै

टेटला जागा मिळाली. टेकडीवरच्या खासगी विद्यापीठात. मीही गेलो होतो. तिथला कोच फिनले म्हातारा, गुडघे गेलेले, काठी टेकत बाहेर आला. टेटचे कान चाचपले आणि म्हणाला, "हा माझा." संपलं!

मी विचारलं, मंडळाची परवानगी लागेल ना? तो हसला. "अहो, इथं मला कोण विचारतंय? कुणाला का घेतला, कुणाला का काढला, काही सांगावं लागत नाही."

फार आवडलं मला. असंच पाहिजे.

परतताना टेट म्हणाला, "आता ते माईकचं राहू द्या, आजोबा." मी मक्याच्या शेतांकडे बघत राहिलो.

२४ जुलै

गेलो. लोर्नाला सांगितलं, दात दाखवायला चाललोय.

ड्रेसलर पहिल्या रांगेत होता, संघाचा अहवाल द्यायला आलेला. म्हटलं, "मी व्हर्लिन क्रॅटोक्विल. तुमची मॅट माझ्या करातून आली. तिच्यावरून माझ्या नातवाला का उतरवलं, ते या माणसानं इथं सगळ्यांसमोर सांगावं."

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी त्याला उठवलं. तोंड लाल झालेलं. म्हणाला, "इथली पोरं प्रेक्षकांच्या खुर्च्या भरायला ठीक आहेत. पदकं आणायला नाहीत."

मागं कुणाची तरी खुर्ची करकरली, तेवढाच आवाज. कॅमेरे चालू होते. माझा वेळ उरला होता. तो मी त्यालाच देऊन टाकला. म्हटलं, बोल, अजून बोल.

३० जुलै

ड्रेसलर गेला. आमदारांनी ओरड केली आणि मंडळानं त्याला घरी बसवलं. चीतपट!

वेंडेलनं पोर्क सँडविच खिलवलं. म्हणाला, "तुझ्या शेजारी बसायची भीती वाटते आता." मी आणखी एक मागवलं.

लोर्ना बोलत नाही.

६ ऑगस्ट

टेटला टेकडीवरच्या वसतिगृहात सोडून आलो. रात्री गाढ झोपलो.

१९ ऑगस्ट

टेटचा फोन. फिनले गुडघ्यांपायी निवृत्त झाला. नवा कोच काल रुजू झाला, आदल्या दिवसापर्यंत कुणाला पत्ताही नव्हता. संघ नव्यानं निवडणार म्हणे.

"कोण आलाय?" मी विचारलं.

म्हणाला, "ड्रेसलर. पहिल्याच दिवशी तुमची विचारपूस केली त्यानं. आजोबा बरे आहेत ना, म्हणाला."

तिथं माईक नाही.